पूजेतली पक्कड

अश्विन लागला की आमच्या गल्लीत रॉकेलचा वास सुटतो. पाऊस ओसरलेला असतो, सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो माणूस त्याचं पोट उघडून अंगणात बसलेला असतो. बाकीच्यांना या दिवसांत झेंडूचा वास येतो म्हणे. मला येतो तो रॉकेलमध्ये धुतलेल्या लोखंडाचा. तो आला की माझं डोकं फिरतं, जेवण गोड लागत नाही, आणि घरातल्यांवर उगाच तोंड टाकतो. बायको म्हणते, "इतके वर्सं झाले, आता सोडा नं." मी सोडतोच. पण पुढच्या अश्विनात ते पुन्हा येऊन दारात बसतं, त्याला मी काय करू?

तेव्हा मी आरोग्य खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर होतो. लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी घर बांधलेलं होतं. आत निजायला भिंतीला दुमडणाऱ्या दोन फळ्या, औषधांचं कपाट, एक स्टोव्ह, छताला पाण्याची टाकी आणि मागच्या दाराला खाली सोडायची शिडी. दिवाळीपासून उन्हं तापेपर्यंत डॉक्टरसाहेब, नर्सबाई आणि मी, आमचा संसार त्या गाडीतच. नर्सबाई आत निजायच्या, आम्ही दोघं बाजूला राहुटी ठोकायचो. झरी जामणीच्या जंगलात कोलामांच्या वस्त्या आहेत, त्यांना पोड म्हणतात. बैलगाडीची चाकोरी जिथं संपते तिथपर्यंत आमचं घर चालत जायचं. सकाळी मी स्टोव्ह पेटवून चहा ठेवायचो आणि दार उघडलं की शिडीपाशी पंधरा-वीस माणसं आधीच उकिडवी बसलेली असायची. कुणी कुठून चालत आलं, कधी निघालं, याचा पत्ता नसायचा. ती गाडी मी चालवतो याचा मला गर्व होता. आता कबूल करायला काय हरकत आहे.

पावसाळाभर गाडी यवतमाळच्या शेडमध्ये उभी राहायची, आणि पाऊस संपला की अश्विनात तिची तपासणी. पंधरा दिवसांचं काम. वर्षातले मला सगळ्यात आवडणारे दिवस हेच. उकाडा गेलेला, थंडी आलेली नाही, शेडच्या पत्र्यावर चिमण्यांचा गोंधळ आणि खाली गोणपाटावर पाठ टेकून आम्ही दोघं इंजिनाच्या पोटात हात घालून पडलेले. मी आणि दौलत मिस्त्री.

दौलतभाऊ महागावकडचा. घरची शेती भावांच्या हवाली करून यंत्राच्या नादी लागलेला. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, अंगानं किडकिडीत, आणि एका कानानं जरा कमी ऐकणारा. पण चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ त्याच कानाला लावली की कुठल्या सिलिंडरचं काय दुखतंय ते नेमकं सांगायचा. मला इंजिनातलं जे काही येतं ते त्याचं. आधी मी नुसता चाक फिरवणारा होतो. त्यानं मला पाठीवर झोपवून आतलं दाखवलं. "डोयाचं आयकू नको, लहानू," तो म्हणायचा, "बोटाचं आयक."

बोटांचं ऐकणं म्हणजे काय ते सांगतो. जुनं ऑइल काढलं की आधी अंगठा आणि बोट यांच्यात चोळायचं. नुसतं काळं असेल तर ठीक, पण बोटाला बारीक कण लागले आणि उन्हात चमकले तर समजायचं, आतलं बेअरिंग झिजून राहिलं आहे. डिझेल फवारणारं नोझल काढून तपासणीच्या हातपंपावर लावायचं. डिझेल धुक्यासारखं बाहेर आलं पाहिजे, थेंब पडला तर ते नोझल बाद. व्हॉल्व्हच्या फटीत पोलादी पाती सरकवायची, ती ना सैल जायला हवी ना अडकायला. फिल्टर उघडला की त्यातून वर्षभराचा गाळ निघायचा, आणि झरीची तांबडी माती त्यातही ओळखू यायची. सगळे सुटे भाग दवाखान्याच्या जुन्या चादरीवर, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं मांडायचे. पुसायला जिनिंगमधली टाकाऊ रुई. भाग परत बसवताना मी एकेकाचं नाव घ्यायचो आणि दौलतभाऊ "हं" म्हणायचा. त्याचं "हं" आलं नाही तर हात थांबवायचा, असा आमचा नेम होता.

सगळ्यात जोखमीचं काम खालच्या बाजूचं. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं मोठं भांडं असतं, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. ते उतरवलं की पिस्टनचे दांडे दिसतात. प्रत्येक दांड्याचं बेअरिंग उघडून पाहायचं, राखाडी असेल तर चांगलं, तांबडं दिसू लागलं तर बदलायचं. मग दोन नट आवळायचे आणि प्रत्येक नटाच्या भोकातून पिन घालून पक्कडीनं तिचे पाय दोन्हीकडे वाकवायचे. पिन म्हणजे तरी काय, दोन पायांची तार. पण ती नसेल तर इंजिनाच्या थरथरीनं नट हळूहळू उलटा फिरत जातो. आणि तो निसटला की दांडा सुटतो आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

त्या वर्षी या तपासणीला माझ्या दृष्टीनं भलतंच वजन होतं. दोन वर्षं मी हंगामी ड्रायव्हर होतो. येणारा हंगाम बिनतक्रार पार पडला की पक्का होणार होतो, डॉक्टरसाहेबांनी तशी शिफारस लिहून दिली होती. आमच्या घराण्यात पक्की नोकरी कुणी पाहिलेली नव्हती. आई शेजारणीला "माहा लहानू पक्का होऊन राह्यला" असं सांगत सुटली होती, जणू मी आंबा होतो.

दीक्षा घेतल्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला गेलो आणि आल्यावर आईनं देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं नदीत सोडले. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच माणसांचे चेहरे बदलले. शिवीगाळ कुणी केली नाही. पण नमस्काराला उत्तर देताना माणूस जरा थांबायचा, आणि त्या थांबण्यातच सगळं यायचं. दौलतभाऊ मात्र एका रविवारी आपणहून घरी आला. सतरंजीवर मांडी घातली, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली, वर मिरचीचा ठेचा मागून घेतला. आई संकोचानं बाजूला उभी होती. तिला म्हणाला, "देव बदलला म्हून भाकरीची चव बदलते का, माय?" आई पुढं आठवडाभर ते वाक्य भेटेल त्याला सांगत होती. मीही सांगायचो. आता वाटतं, एखादं वाक्य इतकं जपून ठेवू नये.

आमची तपासणी त्या वर्षी नवरात्रात सापडली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. एकदा ती धुऊन पुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. दौलतभाऊ यात फार कडक. त्याच्या वडिलांचा विळा, कुऱ्हाड अशीच पाटावर बसायची. नवमीच्या दुपारी आम्ही तिसऱ्या दांड्यापर्यंत पोचलो होतो. दोन्ही नट आवळून झाले होते, पिना तेवढ्या राहिल्या होत्या. बाहेरून त्याच्या बायकोनं पूजेचं ताट पाठवल्याची हाक आली.

"राहू दे," तो म्हणाला. "पिना दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी घालू. आता हत्यारं धुवाले घे."

मी धुतली. पाने, हातोडी, पक्कड, पात्यांचा जुडगा, सगळं रॉकेलनं, मग साबणानं, मग पाण्यानं. मांडली मात्र त्यानं. पक्कडीवर झेंडूचं एक फूल ठेवलं. मी बाजूला उभा राहिलो. हात जोडले नाहीत, आणि त्यानंही जोड म्हटलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी पांढरे कपडे घालून मी बुद्धवंदनेला निघालो होतो. वाटेत शेड लागते म्हणून आत डोकावलो. कुणी नव्हतं. गाडीखाली वाकून पाहिलं, तर तिसऱ्या दांड्याचे नट तसेच, भोकं रिकामी. चार पावलांवर पक्कड, तिच्यावर कालचं फूल, आणि शेजारी डबीत पिना. दोन मिनिटांचं काम होतं. खरं सांगतो, माझा हात शिवशिवला. मला त्या पूजेचं काही वाटत नव्हतं. पण ते फूल दौलतभाऊच्या हातानं ठेवलेलं होतं. देव मी सोडले होते, माणसाचा मान कुठं सोडला होता? मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तेवढ्यात दौलतभाऊच दारात आला, गाडीला घालायचा हार घेऊन.

"हात नाई नं लावला?" त्यानं विचारलं.

"नाई भाऊ. पाहून राह्यलतो फक्त."

"चांगलं केलं बावा." तो हसला, आणि खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं. मी ते घेतलं. आम्ही गळाभेट घेतली, माझ्या पांढऱ्या सदऱ्याला त्याच्या हारातलं पाणी लागलं.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर पोचलो तर चेंबर चढवून झालेलं होतं. वरून निरोप आला होता, गाडी आठवडाभर आधी हवी, म्हणून त्यानं पहाटेच येऊन काम उरकलं होतं.

"तिसऱ्याच्या पिना घातल्या नं, भाऊ?"

"घातल्या नं. कायले इचारतं? इश्वास नाई का माह्यावर?"

 चेंबर पुन्हा उतरवा, मला दाखवा, असं उस्तादाला म्हणायचं? तपासणीच्या वहीत दोन सह्या लागायच्या, मिस्त्रीची आणि ड्रायव्हरची. ड्रायव्हरनं सही करायची ती स्वतः पाहून, असा नियम होता. मी न पाहता केली. विश्वासानं केली असं म्हणायला बरं वाटतं, पण त्यात निम्मी भीड होती. भीड भिकेची बहीण, म्हणतात. मला ही म्हण लहानपणापासून पाठ होती.

पिना त्यानं मुद्दाम घातल्या नाहीत असं मला आजही वाटत नाही. घाई होती, आणि पूजेला बसलेलं काम त्याच्या मनात पुरं झालेलं होतं. फूल वाहिलं, कुंकू लागलं, संपलं. अशी चूक आमच्याकडच्या कुठल्याही चांगल्या मिस्त्रीकडून होऊ शकते. चुकीसाठी मी त्याला कधीच माफ केलं आहे.

मार्गशीर्षात झरीपलीकडच्या रस्त्यावर, तुरी शेंगांवर आलेल्या असताना, इंजिनात टकटक सुरू झाली. मी गाडी बाजूला घ्यायच्या आतच एक दणका बसला आणि बॉनेटखालून ऑइल भळाभळा रस्त्यावर आलं. खाली वाकून पाहिलं. तिसरा दांडा भिंत फोडून बाहेर आला होता.  नर्सबाई शिडीवरून विचारत होत्या, "काय झालं, लहानूभाऊ?" आणि मी ऑइलखाली रिकामा डबा सरकवत होतो.

दोन दिवस आम्ही तिथंच होतो. जवळच्या पोडावरच्या नाईकानं, म्हणजे त्यांच्या मुख्यानं, आम्हाला जागा दिली, गाडग्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या. जाताना त्यानं मला विचारलं, "घर आता नाई चालत?" मी म्हटलं, "चालते. आठ दिवसांत येतो." त्यानं मान हलवली. त्या हंगामात गाडी पुन्हा गेलीच नाही. म्हणजे शिडीपाशी बसणाऱ्या त्या माणसांना मीही फसवलंच. फरक एवढाच की मला ते ठाऊक नव्हतं.

गाडी ओढून यवतमाळला आणली, चेंबर उतरवलं. नट तळाशी पडलेला होता, आटे शाबूत. पिन तुटून पडली असती तर तुकडा सापडला असता. ऑइल फडक्यातून गाळून पाहिलं, तुकडा नव्हता. पिन नव्हतीच हे एखाद्या पोरालाही कळलं असतं. प्रश्न फक्त इतका होता की चूक कुणाची.

शेडमध्येच टेबल टाकून चौकशी झाली. मोठे साहेब, डॉक्टरसाहेब, दौलतभाऊ आणि मी. मी निर्धास्त होतो. मला वाटलं, भाऊ सांगेल, साहेब, घाईत राहून गेलं. मग मी सांगेन, सही माझीही आहे, दोघांना काय ती शिक्षा करा. हे सगळं मी घरून ठरवून गेलो होतो. त्याला सांभाळून कसं घ्यायचं, याचाच विचार वाटभर करत होतो.

दौलतभाऊ टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पिना म्या घातल्या होत्या, साहेब. यानं दसऱ्याच्या दिशी पूजेतली पक्कड काढून पुन्हा उघडलं असन. याले पूजेचं काय? ते लोक मानत नाई आता."

ते लोक. अंबाडीची भाजी माझ्या डोळ्यांसमोर आली. दुसरं काही आठवलंच नाही.

"दसऱ्याला तू शेडमध्ये होतास?" साहेबांनी विचारलं. होतो, म्हटलं. एकटा? भाऊ येईपर्यंत एकटाच. वहीत सही तुझी? माझीच. तिन्ही उत्तरं खरी होती. मी म्हटलं, साहेब, मी हात लावला नाही, भाऊनं स्वतः पाहिलं आहे, त्यालाच विचारा. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "मले नाई आठवत," तो म्हणाला. डॉक्टरसाहेब समोरचे कागद सरळ करत राहिले, ज्यांच्यासोबत मी दोन हिवाळे एका राहुटीत काढले होते ते डॉक्टरसाहेब. पुढं काही विचारायची कुणाला गरज वाटली नाही. पूजेतलं हत्यार हलवलं की घात होतोच, अशी त्यांची समजूत होती. आणि ते कुणी हलवलं असेल, हेही त्यांना माझ्याकडे पाहूनच समजलं.

शिफारस मागं घेतली गेली आणि मला गाडीवरून उतरवलं. आईला मी इंजिन फुटलं इतकंच सांगितलं. दौलतभाऊचं नाव घेतलं नाही. ती मरेपर्यंत त्याची आठवण काढायची, आणि मी हूं म्हणायचो. हे का केलं ते मला नीट सांगता येत नाही. तिच्याजवळ ते एक वाक्य होतं, ते काढून घ्यायचा जीव झाला नाही एवढंच.

मग मी दारव्ह्याला आलो. विहिरीवरची डिझेल इंजिनं तेव्हा नवी येत होती. आठवडी बाजाराच्या टोकाला पत्र्याची शेड टाकली आणि दुरुस्ती सुरू केली. हाताला चव होती, लोक यायला लागले. राज्याचं नाव बदललं, मला दोन मुली झाल्या, बरे दिवस आले. पण दसऱ्याला वंदनेहून परतताना कुणी आपट्याचं पान पुढं केलं की माझा हात आखडतो. लोकांना वाटतं, धर्म बदलला म्हणून घेत नाही. त्यांना तसंच वाटू देतो.

आणि एकदा, साठ साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, बाजाराच्या दिवशी दौलतभाऊ माझ्या शेडच्या दारात उभा राहिला. पाठीत वाकलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. नोकरी संपवून शेतावर राहायला गेला होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत विहिरीच्या इंजिनाचं नोझल. "थेंब पाडून राह्यलं," तो म्हणाला. "मले आता दिसत नाई. म्हटलं, लहानूकडंच न्याव."

मी स्टूल पुढं केलं. पाणी दिलं. नोझल खोललं, सुई काढली, रॉकेलमध्ये टाकली.  शेवटी सुई पुसता पुसता, त्याच्याकडे न पाहता विचारलं.

"भाऊ, त्या दिशी म्या पक्कडीले हात नव्हता लावला. तुमाले माहीत होतं."

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मंग काहून?"

त्यानं पाण्याचा एक घोट घेतला. मग, मला पूर्वी एखादा भाग समजावून सांगायचा त्याच आवाजात म्हणाला, "दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतं तं त्याइनं इचारलं असतं. कोणं पाह्यलं, कवा पाह्यलं. तुह्यं घेतलं अन् कोणी काई इचारलंच नाई, गड्या."

एवढं बोलून तो उरलेलं पाणी प्यायला. मी नोझल जोडलं, हातपंपावर लावून दांडा दाबला. धुकं सुटलं, थेंब नाही. पुसून ते त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तपासून घ्या."

"तू केलं म्हणजे झालं," तो म्हणाला, आणि बोटही न फिरवता ते पिशवीत टाकलं.